घरच्या गॅरेजसाठी एअर कॉम्प्रेसर: आधी हवेचा हिशेब, मग यंत्र

गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर बसवायचा आहे असे कोणाला सांगितले की पहिला प्रश्न येतो तो "किती एचपीचा?" आणि लगेच दुसरा, "टाकी किती लिटरची?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, फक्त ते फार लवकर विचारले जातात. माझ्या गॅरेजसाठी यंत्र निवडताना मी पहिला मान दिला तो एका वेगळ्याच आकड्याला: आपल्याला लागणाऱ्या दाबावर हे यंत्र दर मिनिटाला प्रत्यक्षात किती हवा देते? माहितीपत्रकात हा आकडा 'फ्री एअर डिलिव्हरी' किंवा नुसता 'एफएडी' या नावाने असतो आणि तो लिटर प्रति मिनिट किंवा सीएफएम, म्हणजे घनफूट प्रति मिनिट, या एककांत दिलेला असतो. एक सीएफएम म्हणजे २८.३ लिटर आणि एक बार म्हणजे १४.५ पीएसआय, एवढी दोन रूपांतरे लक्षात असली की कुठेही बनलेल्या यंत्राचा कागद वाचता येतो.

अडचण अशी की बऱ्याच यंत्रांवर ठळक अक्षरांत छापलेला सीएफएमचा आकडा एफएडीचा नसतो, तर पिस्टनच्या विस्थापनाचा असतो. उदाहरणार्थ, ६५ मिलिमीटर व्यासाचे आणि ५० मिलिमीटर स्ट्रोकचे दोन सिलिंडर मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असतील, तर कागदावरचा गुणाकार ३३२ लिटर, म्हणजे ११.७ सीएफएम, असा येतो. मात्र पिस्टन अगदी वर पोहोचला तरी त्याच्या डोक्यावर थोडी दाबलेली हवा शिल्लक राहतेच. पिस्टन खाली येताना आधी तीच फुगते आणि बाहेरच्या ताज्या हवेची जागा अडवते. शिवाय तापलेल्या सिलिंडरमध्ये शिरतानाच हवा प्रसरण पावते आणि रिंगांमधून थोडी निसटते. एकच टप्पा असलेल्या लहान यंत्रात ६ ते ७ बार दाबावर विस्थापनाच्या साठ ते सत्तर टक्के हवा हाती लागली तरी ते यंत्र चांगले समजावे. म्हणजे वरच्या ११.७ सीएफएममधले सात ते आठ खरे. विक्रेता कोणता आकडा सांगतो आहे आणि तो किती दाबावरचा आहे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय दोन यंत्रांची तुलना करण्यात अर्थ नाही.

ही हवा कशासाठी लागणार, याचा विचार मात्र यंत्र पाहायला जाण्याआधी घरीच व्हायला हवा. मी माझ्या कामांचे तीन गट केले. पहिल्या गटात टायरमध्ये हवा भरणे आणि लहान खिळे मारण्याची गन चालवणे. या कामांना हवा इतकी कमी लागते की जवळजवळ कोणतेही यंत्र पुरते. मोटारीच्या टायरमध्ये दीड बारवरून सव्वादोन बारपर्यंत हवा भरायला पंचवीस-तीस लिटर पुरेशी होते. दुसऱ्या गटात अर्धा इंची इम्पॅक्ट रेंच, एअर रॅचेट अशी थांबून थांबून चालणारी अवजारे. नट सुटायला काही सेकंद लागतात, मग पुढच्या नटावर सॉकेट बसवेपर्यंत यंत्राला उसंत मिळते, म्हणून चार-पाच सीएफएमवर हे काम व्यवस्थित निभते. तिसऱ्या गटात सँडर, स्प्रे गन आणि सँडब्लास्टिंग. ही अवजारे ट्रिगर दाबल्यापासून सोडेपर्यंत सलग हवा पितात. मोठ्या हवेची, कमी दाबाची स्प्रे गन ८ ते १४ सीएफएम मागते, सँडर दहाच्या आसपास जातो आणि सँडब्लास्टिंगला त्याहूनही जास्त लागते. अवजाराच्या खोक्यावरचा आकडा वाचतानाही सावध राहावे, कारण तो अनेकदा मिनिटातले पंधरा सेकंदच अवजार चालते असे धरून काढलेला सरासरी खप असतो. सँडर कोणी मिनिटातून पंधरा सेकंद चालवत नाही.

या यादीत सहसा कोणी न धरणारे एक अवजार आहे, ते म्हणजे धूळ उडवायची साधी ब्लो गन. दोन मिलिमीटरच्या भोकातून ६ बार दाबाची हवा सोडली, तर मिनिटाला दोनशे लिटरच्या वर हवा जाते. दोन एचपीच्या यंत्राचे जवळजवळ सगळे उत्पादन एवढ्याशा नळीतून निघून जाते. ब्लो गनसाठी दाब कमी ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत साफसफाईसाठीच्या हवेचा दाब ३० पीएसआयच्या खाली ठेवण्याची अट आहे. घरच्या गॅरेजला असा नियम कोणी लावत नसले तरी त्वचेला त्या नियमाची गरज तेवढीच असते. दाबाची हवा अंगावर, कपड्यांवर किंवा जखमेजवळ कधीही मारू नये.

आता टाकीकडे वळू. टाकी हवा तयार करत नाही, साठवते, आणि साठवते तीही आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच कमी. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेला दाब आणि आकारमान यांचा नियम येथे सरळ उपयोगी पडतो. यंत्र ८ बारला बंद होते आणि ६ बारला पुन्हा सुरू होते असे धरले, तर ५० लिटरच्या टाकीतून या दोन दाबांमध्ये मिळणारी हवा ५० गुणिले २, म्हणजे फक्त १०० लिटर. अवजार ८ सीएफएम, म्हणजे मिनिटाला २२६ लिटर, खात असेल आणि यंत्र ५ सीएफएम, म्हणजे १४२ लिटर, देत असेल, तर तफावत ८४ लिटरची. शंभर लिटरचा साठा अशा वेळी सव्वा मिनिटाच्या आत संपतो आणि त्यानंतर अवजार मंदावते. टाकी दुप्पट केली तर ही मुदत अडीच मिनिटांच्या आत-बाहेर जाते. दाराच्या एका बाजूला रंगाचा एक हात मारायला तेवढी पुरेल, आख्ख्या गाडीला नाही. मोठ्या टाकीचे खरे फायदे दुसरे आहेत. मोटर वारंवार चालू-बंद होत नाही आणि हवेला थंड होऊन पाणी सोडायला अवधी मिळतो. तोटाही आहे: यंत्राची हवा तेवढीच ठेवून टाकी वाढवली, तर रिकामी टाकी भरायला लागणारा वेळ त्याच प्रमाणात वाढतो, आणि फक्त एका टायरला हवा भरायची असेल तेव्हा ती वाट पाहणे फार कंटाळवाणे होते. माझ्या कामांसाठी १०० लिटर हा आकडा मला योग्य वाटला.

एचपीच्या आकड्यावर मी फार वेळ घालवला नाही. चांगला पिस्टन पंप ६ बारच्या आसपास दर एचपीमागे तीन ते चार सीएफएम देतो. एखादे यंत्र याच्या दुप्पट आश्वासन देत असेल, तर दोनपैकी एक आकडा फुगवलेला आहे असे खुशाल समजावे. 'पीक एचपी' हा शब्द दिसला की तो फुगवलेला आकडा कोणता तेही कळते. एक एचपी म्हणजे मोटरच्या दांड्यावर ७४६ वॅट. मोटरमधली घट धरली तर दोन एचपीची सिंगल फेज मोटर दोन हजार वॅटच्या थोडी वर वीज घेते. मोटरवरच्या पाटीवर अँपिअरचा आकडा कोरलेला असतो आणि तो जाहिरातीपेक्षा प्रामाणिक असतो.

मग प्रश्न येतो पट्ट्याचे यंत्र घ्यावे की थेट मोटरला जोडलेले. थेट जोडलेल्या, बिनतेलाच्या लहान यंत्रात पंप मोटरच्याच वेगाने, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला सुमारे २८०० फेऱ्यांनी, फिरतो. ते हलके असते, तेल बदलावे लागत नाही, उचलून कुठेही नेता येते; पण बंदिस्त गॅरेजमध्ये त्याचा आवाज असह्य होतो आणि आयुष्यही कमी असते. पट्ट्याच्या यंत्रात मोठ्या फ्लायव्हीलमुळे पंप हजार फेऱ्यांच्या आसपास, शांतपणे फिरतो, आणि त्याच फ्लायव्हीलच्या आऱ्या पंख्यासारखी हवा सिलिंडरच्या पंखांवर फेकतात. अलीकडे कमी फेऱ्यांची, चार-चार सिलिंडरची 'सायलेंट' बिनतेलाची यंत्रेही मिळतात, आणि भिंतीपलीकडे कोणी झोपत असेल तर त्यांचा विचार अवश्य करावा. दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे ७० आणि ८० हे आकडे कागदावर दिसतात तितके शेजारी-शेजारी नाहीत. मी तेलाचे, पट्ट्याचे यंत्र घेतले, कारण मला ते जागेवरून हलवायचे नव्हते आणि दुरुस्तीला सोपे हवे होते: व्हॉल्व्ह प्लेट, गास्केट, रिंगा, पट्टा, सारे सुटे बदलता येते.

विश्रांतीचे प्रमाण हा आणखी एक आकडा कागदाच्या तळाशी लपलेला असतो. '५० टक्के ड्यूटी सायकल' असे लिहिले असेल तर दहा मिनिटांत पाच मिनिटे पंपाला विसावा हवा. २७ अंश सेल्सियसची हवा अजिबात उष्णता न गमावता ८ बारपर्यंत दाबली, तर हिशेबाने तिचे तापमान २८० अंशांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या पंखांमुळे ते बरेच खाली राहते, तरी डिलिव्हरीच्या नळीला हात लावायची सोय नसते. पंपाला विसावा मिळाला नाही की तेल जळून व्हॉल्व्हवर काजळी धरते, व्हॉल्व्ह नीट बसेनासे होतात, हवा कमी पडू लागते आणि त्यामुळे पंप आणखी जास्त वेळ चालतो. दोन टप्प्यांच्या यंत्रात हवा मध्येच थंड करून पुन्हा दाबली जाते. १० बारच्या वरचा दाब किंवा दिवसभराचे काम असेल तर ते घ्यावे. घरच्या गॅरेजला क्वचितच लागते.

जुने यंत्र घ्यायला माझी हरकत नाही, पण जुन्या टाकीला आहे. पंप उघडून पाहता येतो, मोटर चालवून पाहता येते. टाकीचा तळ आतून किती गंजला आहे हे बाहेरचा रंग पाहून कळत नाही. टाकीच्या तळाचा, पाणी सोडायचा ड्रेन कॉक उघडल्यावर तांबडे, गढूळ पाणी आणि गंजाच्या खपल्या येत असतील, किंवा टाकीवर कुठेही वेल्डिंगचे ठिगळ दिसत असेल, तर ती टाकी भंगारात जाऊ द्यावी. पाण्याने भरून दाबाची चाचणी करून देणारे लोक असतात. तशी चाचणी झाल्याखेरीज जुनी टाकी वापरू नये. चाचणी पाण्याने करतात याचे कारण असे की पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे टाकी फुटलीच तर पाणी गळते. हवेने भरलेली टाकी फुटली तर पत्र्याचे तुकडे उडतात.

यंत्राची जागा ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या. पट्ट्याची बाजू भिंतीपासून किमान हातभर दूर, नाहीतर पंख्याला ओढायला हवा उरत नाही. हवा आत घेणारा फिल्टर ग्राइंडिंगच्या आणि रंगाच्या जागेपासून लांब. आणि पेट्रोलचा डबा, थिनर यांच्यापासून यंत्र पूर्णपणे वेगळ्या बाजूला, कारण दाबानुसार मोटर चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचमध्ये दर वेळी ठिणगी पडते आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. रात्री यंत्राची वीज बंद करणे हा नियम मी कटाक्षाने पाळतो. एखादी नळी निसटली तर यंत्र रात्रभर धावत राहू नये, एवढेच त्याचे कारण.

पाय जमिनीला घट्ट बोल्ट करण्याचा मोह अनेकांना होतो आणि उभ्या टाकीच्या बाबतीत ती पडू नये म्हणून तसे करावेही लागते. पण काँक्रीट कधीच पूर्ण सपाट नसते. चारपैकी तीन पाय टेकलेले आणि चौथा बोल्टने ओढून खाली आणलेला, अशी स्थिती झाली की तो ताण पायाच्या वेल्डिंगवर कायमचा बसतो आणि यंत्राच्या थरथरीने काही काळाने तिथे तडा जातो. म्हणून प्रत्येक पायाखाली जाड रबर, उरलेल्या फटीत पातळ पत्र्याची शिम, आणि नट हाताने बसेल एवढाच घट्ट करून त्यावर दुसरा नट लॉक करावा. माझी टाकी आडवी असल्यामुळे मी रबराच्या पायांवरच भागवले. ड्रेनच्या बाजूला मात्र किंचित उतार राहील असे पाहिले.

विजेचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. पण त्याला काय सांगायचे ते आपल्याला माहीत असावे. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह क्षणभर खेचते. दोन एचपीची मोटर २३० व्होल्टवर नऊ-दहा अँपिअर घेत असेल, तर सुरुवातीला पन्नासच्या आसपास जाते. 'बी' वर्गाची एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच, तिच्या क्षमतेच्या तीन ते पाच पट प्रवाहाला तत्काळ पडू शकते. 'सी' वर्गाची पाच ते दहा पटीला. मोटरसाठी सी वर्ग हाच योग्य, आणि तिची तार स्वतंत्र, बोर्डापासून थेट आलेली असावी. अर्थिंग हवेच, हे वेगळे सांगायला नको.

एक्स्टेन्शन बोर्डावर कॉम्प्रेसर चालवू नये असे सगळे सांगतात. का ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २० मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे १ ओहम होतो. सुरू होतानाच्या पन्नास अँपिअरला त्या तारेतच चाळीस-पन्नास व्होल्ट खर्ची पडतात. मोटरला १८० ते १९० व्होल्ट पोहोचतात, आणि तिचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात असल्याने तो साठ-पासष्ट टक्क्यांवर येतो. मोटर गुरगुरत राहते, वेग घेत नाही, वाइंडिंग तापते. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर घट पंधरा व्होल्टची. लांब पोहोचायचे असेल तर वीज लांबवण्याऐवजी हवेची नळी लांबवावी.

आता पाणी. कॉम्प्रेसर बसवण्याच्या कामात सर्वांत जास्त विचार मागणारा भाग हा आहे, आणि सर्वांत कमी विचार याचाच होतो. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. आर्द्रता सत्तर टक्के असेल तर २१ ग्रॅम वाफ यंत्रात शिरते. तीच हवा ८ बारपर्यंत दाबली की (मापकावरचे ८ आणि बाहेरच्या हवेचा १, असे एकूण ९ बार) तिचे आकारमान एक नवमांश होते आणि ती पुन्हा ३० अंशांवर आली की तिच्यात साडेतीन ग्रॅमच्या वर पाणी मावत नाही. उरलेले साडेसतरा ग्रॅम पाणी बनून कुठेतरी पडते. मिनिटाला २०० लिटर देणारा पंप तासभर चालला तर १२ घनमीटर हवा आत गेली, म्हणजे २१० ग्रॅम पाणी: एक पेलाभर. ते टाकीच्या तळाशी पडेल, पाइपमध्ये पडेल किंवा रंगावर फोड बनून दिसेल. कुठे पडावे हे ठरवणे आपल्या हातात आहे.

टाकीखालचा ड्रेन कॉक बहुधा अशा जागी असतो की गुडघे टेकून हात आत घातल्याशिवाय तो फिरवता येत नाही; परिणामी तो फिरवला जात नाही. तो काढून तिथे एल्बो, वीतभर पाइप आणि बॉल व्हॉल्व्ह बसवला की पायाजवळ उभ्यानेच पाणी सोडता येते. काम संपल्यावर टाकीत एक-दीड बार दाब शिल्लक असताना तो व्हॉल्व्ह हळूच उघडावा. आधी स्वच्छ पाण्याची धार येते, मग दुधासारखा फेस येतो, कारण तेलाच्या यंत्रात पाण्याबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंबही असतात, आणि शेवटी नुसती हवा फुसफुसते. तो फेस थेट नाल्यात न सोडता डब्यात धरावा.

टाकीच्या तोंडाशीच पाणी अडवणारा फिल्टर बसवून समाधान मानण्याची पद्धत सर्रास दिसते. तिथे हवा अजून गरम असते, पाणी वाफेच्या रूपात असते आणि फिल्टर वाफ अडवू शकत नाही. हवा थंड झाल्यावर पाणी बनते, म्हणजे फिल्टरच्या पुढे. म्हणून टाकीपासून सात-आठ मीटर धातूचा पाइप जाऊ द्यावा आणि मग फिल्टर लावावा. भिंत तेवढी लांब नसेल तर पाइप वर-खाली वर-खाली असा फिरवून लांबी मिळवता येते, आणि प्रत्येक खालच्या वळणाला एक ड्रेन ठेवता येतो. मी भिंतीवर मीटरला एक सेंटिमीटर असा उतार दिला, टाकीपासून दूर उतरता. अवजारांसाठीच्या फांद्या मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढून वळवून खाली आणल्या, म्हणजे पाइपच्या तळाशी वाहणारे पाणी त्यांत शिरत नाही. प्रत्येक उतरत्या नळीत हवा टी आकाराच्या जोडणीतून बाजूला घेतली आणि टीच्या खाली वीतभर बंद नळी व बॉल व्हॉल्व्ह ठेवला. पाणी तिथे साचते.

पाइप कशाचा घ्यावा, याबाबत एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी: पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेसाठी वापरू नये. 'आमच्याकडे दहा वर्षे आहे, काही झाले नाही' हे वाक्य ऐकू येईल. पीव्हीसी उष्णतेने, तेलाने आणि वयाने ठिसूळ होतो, आणि दाबाच्या हवेखाली तडकतो तेव्हा त्याच्या धारदार चिरफळ्या उडतात. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने याबाबत १९८८ मध्येच इशारा दिलेला आहे. पाइपवर छापलेला दाबाचा आकडा पाण्यासाठीचा असतो. तांबे उत्तम, कारण ते गंजत नाही आणि हवा लवकर थंड करते; हवेसाठीच बनवलेले ॲल्युमिनियमचे पाइप जोडायला सर्वांत सोपे; लोखंडी पाइप मजबूत, पण आतून गंजतो आणि आटे पाडण्याचे काम मोठे. टाकी आणि भिंतीवरचा पाइप यांच्यामध्ये मात्र हातभर लवचीक होज हवाच. यंत्र थरथरते, भिंत थरथरत नाही. कडक पाइप थेट जोडला तर सांधा आधी गळतो आणि मग तुटतो.

होजचा आतील व्यास हीदेखील दुर्लक्षित बाब आहे. ६ मिलिमीटरची स्प्रिंगसारखी गुंडाळणारी नळी टायरसाठी सोयीची असते, पण तिच्यावर इम्पॅक्ट रेंच लावला की यंत्राचा दाबमापक ७ बार दाखवतो आणि नट मात्र हलत नाही. दाबाची घट हवा वाहताना होते, त्यामुळे ट्रिगर सोडलेला असताना मापक पाहून काहीच कळत नाही. अवजाराच्या तोंडाशी लहान मापक लावून, ट्रिगर दाबून पाहावे. रेंचसाठी आणि सँडरसाठी १० मिलिमीटरचा होज आणि मोठ्या प्रवाहाचे कपलर, म्हणजे होज झटकन जोडायचे-सोडायचे सांधे, घ्यावेत.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी क्रँककेसच्या काचेतील लाल ठिपक्याच्या मध्यापर्यंत कॉम्प्रेसरचे तेल भरावे, बहुधा व्हीजी १०० श्रेणीचे. पुस्तिकेत दुसरे सांगितले असेल तर तेच. मोटारीचे इंजिन ऑइल घालू नये, कारण त्यातील मळ धरून ठेवणारी रसायने व्हॉल्व्हवर काजळी वाढवतात. फ्लायव्हील बाणाच्या दिशेने फिरते आहे ना ते पाहून, ड्रेन पूर्ण उघडा ठेवून अर्धा तास यंत्र बिनदाबाचे चालवावे, म्हणजे रिंगा बसतात. नंतर ड्रेन बंद करून दाब चढू द्यावा. ठरलेल्या दाबाला मोटर थांबते त्या क्षणी प्रेशर स्विचखालून 'फस्स' असा छोटा आवाज यायला हवा. पंपाच्या डोक्यावरची दाबलेली हवा अनलोडर सोडून देतो, त्याचा तो आवाज. तो न आल्यास पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागेल. उलट तो आवाज थांबतच नसेल, तर टाकीच्या तोंडाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि टाकीतली हवा परत येते आहे. व्हॉल्व्ह खोलण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करावी. कानांना संरक्षण आणि सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून तो मोकळा आहे ना याची खात्री, ही दोन्ही कामे याच वेळी सुरू होतात आणि पुढे कायम चालू राहतात.

गळती शोधायला साबणाचे पाणी आणि रंगाचा लहान ब्रश पुरतो. मोठी गळती कानाला कळते. खरी त्रासदायक असते ती आट्याच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे हळूहळू माळेसारखे उमटवणारी. एक मिलिमीटरचे भोक ६ ते ७ बारला मिनिटाला साठ लिटरच्या आसपास हवा सोडते, म्हणजे दोन एचपीच्या पंपाचा पाव भागाहून जास्त वेळ वाया. किती गळते हे मोजायचे असेल तर यंत्र बंद करून दाब १ बारने उतरायला किती मिनिटे लागतात ते पाहावे: १०० लिटरच्या टाकीत त्यासाठी १०० लिटर हवा जावी लागते, दहा मिनिटांत उतरला तर गळती मिनिटाला दहा लिटर. हीच चाचणी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा केली की गळती यंत्रात आहे की भिंतीवरच्या पाइपात, तेही कळते. माझ्या अनुभवात आटे बहुधा निर्दोष असतात आणि दोष कपलरच्या आतील रबरी रिंगेत निघतो.

पुढची देखभाल थोडकी आहे. पहिले तेल लवकर बदलावे, कारण त्यात नव्या रिंगांचा धातूचा कीस असतो, पुढचे पुस्तिकेप्रमाणे. पट्टा मध्यभागी अंगठ्याने दाबल्यावर साधारण बोटाच्या जाडीइतका दबावा. हवेचा फिल्टर धुळीच्या दिवसांत लवकर पाहावा, कारण कोंडलेला फिल्टर पंप तापवतो आणि तेल वर खेचतो.

दाब कमी पडतो असे वाटले की प्रेशर स्विचचा स्क्रू आवळून बंद होण्याचा दाब वाढवण्याची युक्ती कोणीतरी सुचवतेच. टाकीच्या पाटीवर लिहिलेला कमाल दाब आणि सेफ्टी व्हॉल्व्हचा दाब यांच्या जवळ जाण्याचे घरच्या गॅरेजमध्ये काहीच कारण नाही. बहुतेक अवजारे ६.२ बार, म्हणजे ९० पीएसआयसाठीच बनलेली असतात, आणि दाब वाढला की पंपाची प्रत्यक्ष हवा आणखी घटते. अशा वेळी स्विचला हात न लावता आधी होज, कपलर आणि फिल्टर यांच्यावरची घट मोजावी. मी रेग्युलेटर रेंचसाठी ६ बारवर ठेवतो, इतर कामांसाठी उतरवतो, आणि यंत्राचे ८ बारचे सेटिंग कारखान्यातून आले तसेच राहू दिले आहे.